घरून टाकलेल्या स्टेटसवर शाळा शिक्षा करू शकते का?

दहावी-बारावीच्या पोरांच्या हातात आता मोबाइल आहेच. स्वतःचा नसला तर घरातला. शाळेबद्दल, सरांबद्दल, गावच्या पुढाऱ्याबद्दल मनात येईल ते रात्री दहाला स्टेटसवर जातं आणि सकाळच्या प्रार्थनेआधी त्याचा स्क्रीनशॉट मुख्याध्यापकांकडे पोचलेला असतो. मग पालकांना बोलावणं येतं. पुष्कळदा शेवट एकाच वाक्यावर होतो: "तुमच्या पोराचा दाखला घेऊन जा."

शाळा सुटल्यावर, आवाराच्या बाहेर, स्वतःच्या मोबाइलवरून पोरानं काही लिहिलं, तर त्यावर शाळेचा हक्क किती? काहीच नाही, असं म्हणता येत नाही. पण हवी ती शिक्षा करायची मोकळीकही शाळेला नाही. या दोन्हींच्या मधली रेघ कुठे आहे, ती प्रत्येक पालकानं आणि शिक्षकानं समजून घेतली पाहिजे.

पुण्यात काय झालं?

मे 2025 मध्ये ऑपरेशन सिंदूरच्या काळात पुण्यातल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजच्या 19 वर्षांच्या विद्यार्थिनीनं इन्स्टाग्रामवर एक पोस्ट पुढे पाठवली. त्यात सरकारवर टीका होती. लोक तुटून पडले, धमक्या आल्या. तिनं दोन तासांत पोस्ट काढून टाकली आणि माफीही मागितली. तरी 9 मे रोजी कॉलेजनं तिला काढून टाकलं. पोलिसांनी अटक केली, येरवडा तुरुंगात रवानगी झाली. सत्राची परीक्षा सुरू झाली तेव्हा ती कोठडीत होती.

प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेलं. 27 मे रोजी न्यायमूर्ती गौरी गोडसे आणि न्यायमूर्ती सोमशेखर सुंदरेसन यांच्या खंडपीठानं तिला जामीन दिला आणि काढून टाकल्याच्या आदेशाला स्थगिती दिली. चूक कळून माफी मागणाऱ्या मुलीला सुधारायची संधी द्यायची सोडून तिला गुन्हेगार करून टाकलं, या शब्दांत सरकारला फटकारलं. कॉलेजची चूकही दाखवली: तिचं म्हणणं न ऐकताच तिला काढलं होतं.

इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्या. पोस्ट बरोबर होती, असं कोर्ट म्हणालं नाही. गुन्हाही त्या दिवशी रद्द झाला नव्हता. कोर्टाचं म्हणणं एवढंच, की एका पोस्टपायी पोरीचं शिक्षण असं एका फटक्यात मोडता येत नाही.

अमेरिकेतला निकाल

शाळेबाहेरच्या पोस्टवर शाळेचा हक्क किती, याचा सविस्तर विचार अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं 2021 मध्ये केला. पेनसिल्व्हेनिया राज्यात महानॉय सिटी नावाचं एक छोटं गाव आहे, जुन्या कोळसा खाणींच्या पट्ट्यातलं. तिथल्या 14 वर्षांच्या मुलीची शाळेच्या मुख्य चिअरलीडर संघात निवड झाली नाही. शनिवारी दुकानात उभं राहून तिनं शाळेला आणि संघाला शिव्या देणारा फोटो स्नॅपचॅटवर टाकला. कोणीतरी स्क्रीनशॉट काढला, तो प्रशिक्षकांकडे गेला आणि मुलगी वर्षभरासाठी संघाबाहेर झाली.

कोर्टानं 8 विरुद्ध 1 मतानं मुलीच्या बाजूनं निकाल दिला. कारणं साधी होती. पोर घरी असताना जबाबदारी आईबापाची, शाळेची नाही. शाळेतलं बोलणंही शाळेच्या ताब्यात आणि घरचंही, असं झालं तर पोरानं तोंड उघडायचं कधी? आणि न पटणारं मत ऐकून घ्यायला शिकवणं हेसुद्धा शाळेचंच काम आहे.

पण त्याच निकालात कोर्टानं शाळेचे हात पूर्ण बांधले नाहीत. एखाद्या मुलाला ठरवून छळणं, शिक्षकांना किंवा विद्यार्थ्यांना धमकी देणं, अशा गोष्टी घरून केल्या तरी शाळा कारवाई करू शकते.

आपल्याकडचा कायदा

अमेरिकेचा निकाल आपल्याला लागू नाही. पण आपल्या घटनेतलं कलम 19 बोलण्याचं, मत मांडण्याचं स्वातंत्र्य प्रत्येक नागरिकाला देतं. त्यात "वय 18 पूर्ण" अशी अट नाही. या स्वातंत्र्याला मर्यादाही तिथेच लिहिलेल्या आहेत: बदनामी, सार्वजनिक सुव्यवस्था, सभ्यता, देशाची सुरक्षा वगैरे.

हा हक्क शाळकरी मुलांनाही आहे, हे सर्वोच्च न्यायालयानं मोबाइल येण्याच्या कितीतरी आधी, 1986 मध्ये सांगितलं. केरळातल्या तीन भावंडांना राष्ट्रगीत म्हटलं नाही म्हणून शाळेतून काढलं होतं. राष्ट्रगीताच्या वेळी ती आदरानं उभी राहायची, पण धर्मश्रद्धेमुळे गात नव्हती. कोर्टानं त्यांना परत शाळेत घ्यायला लावलं.

मोबाइलच्या बाबतीत पालघरचं प्रकरण जवळचं आहे. नोव्हेंबर 2012 मध्ये शिवसेनाप्रमुख बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर बंद पाळला गेला. त्यावर एका तरुणीनं फेसबुकवर पोस्ट टाकली, मैत्रिणीनं लाइक केलं, दोघींना अटक झाली. त्यावरून पेटलेल्या वादातून माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम 66-अ सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि 24 मार्च 2015 रोजी रद्द झालं. एखाद्याला त्रास वाटला, राग आला, एवढ्यावर बोलणं गुन्हा ठरत नाही, हा त्याचा अर्थ.

मग सरांना राग आला, संस्थाचालकांना वाईट वाटलं, एवढंच कारण पोराला शाळेतून काढायला कसं पुरेल?

टीका वेगळी, छळ वेगळा

"शाळेत पाण्याची टाकी साफ नाही", "गणिताचे सर तासाला येत नाहीत", "आमचं गॅदरिंग का रद्द केलं" ही टीका आहे. भाषा उद्धट असेल तर बोलावून समज द्यावी. पण त्यातलं खरं असेल ते आधी दुरुस्त करावं.

मुलीचा फोटो बदलून फिरवणं, जातीवरून हिणवणं, एखाद्याला रोज ग्रुपवर टोचणं, बाईंना धमकी देणं हे मतस्वातंत्र्य नव्हे. पोस्ट घरून आली म्हणून शाळेनं हात वर करून चालणार नाही. ज्या मुलीचा फोटो फिरतोय तिला उद्या त्याच वर्गात बसायचं असतं. 18 वर्षांखालील मुलांचे अश्लील फोटो-व्हिडिओ पाठवणं हा गंभीर गुन्हा आहे आणि पोक्सो कायद्याप्रमाणे असा प्रकार कळल्यावर पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. "गावाची अब्रू जाईल" म्हणून मिटवामिटवी करणारे स्वतः अडचणीत येतात. मुलांसाठीची हेल्पलाइन 1098 आहे.

दाखल्याची धमकी आली तर

शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 16 प्रमाणे आठवी पूर्ण होईपर्यंत मुलाला शाळेतून काढता येत नाही. कलम 17 प्रमाणे मारणं आणि मानसिक छळ दोन्ही मना आहेत. सगळ्या वर्गासमोर स्टेटस वाचून दाखवणं, पोराला कान धरून उभं करणं, हे मानसिक छळात मोडू शकतं.

खरी अडचण नववीपासून सुरू होते, कारण तिथे या कायद्याचं छत्र नाही. तिथे धरायची गोष्ट तीच, जी पुण्याच्या प्रकरणात कामी आली: आधी ऐका, मग ठरवा. पालकांनी एवढं करावं:

1. आरोप काय, तो लेखी मागा. पूर्ण पोस्ट बघा, कापलेला स्क्रीनशॉट नको.

2. पोराला स्वतःचं म्हणणं लेखी मांडू द्या. चुकलं असेल तर माफी मागायला लावा. त्यात कमीपणा नाही.

3. दबावाखाली दाखल्याच्या अर्जावर सही करू नका. पालकानं मागितला म्हणून दिला, अशी नोंद झाली की नंतर भांडायला जागा कमी उरते.

4. शाळा ऐकत नसेल तर प्राथमिकसाठी पंचायत समितीत गटशिक्षणाधिकारी, माध्यमिकसाठी जिल्हा परिषदेत शिक्षणाधिकारी यांच्याकडे लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या.

शहरात एक शाळा सुटली तर दुसरी मिळते. आपल्याकडे पुढची शाळा पंधरा-वीस किलोमीटरवर असते आणि एसटी वेळेवर येईलच असं नाही. मुलीचं नाव कमी झालं तर बऱ्याच घरांत पुढचा विषय लग्नाचाच निघतो. दोन ओळींच्या स्टेटसची ही किंमत फार मोठी आहे. शाळेनं शिस्त जरूर लावावी. पण ती पोराला वर्गात ठेवून लावावी, गेटबाहेर काढून नव्हे.