अकरा वर्षांच्या पोराला बॅनर कशाला?

मंडळी, आपल्या धानोऱ्यात चाळिशी ओलांडलेल्या किती जणांचा वाढदिवस १ जूनला येतो, मोजा जरा. खरी तारीख कुणाला ठाऊक नव्हती, शाळेत नाव घालताना गुरुजींनी लिहिली तीच. अन् आता आपल्याच पोरांना चौकात बॅनर, डीजे, दोन किलोचा केक!

हौस आहे, मान्य. पण दहा-अकरा वर्षांच्या पोरांना सगळं कळतं हो. गिफ्ट घेणं जमत नाही म्हणून वर्गातला एखादा 'पोट दुखतंय' सांगून घरीच बसतो. आईबाप मजुरीला गुजरातेत गेलेले असले, तर मागेल कुणाकडे?

शाळेच्या पोषण आहारात आठवीपर्यंत 'स्नेहभोजना'ची सोय आहे. गुजरातेत यालाच तिथीभोजन म्हणतात. वाढदिवसाला पूर्ण जेवण द्या, नाहीतर रोजच्या खिचडीसोबत केळी, शिरा. बॅनरच्या पैशात वर्गाची केळी तर नक्की येतात. मुख्याध्यापकांशी आधी बोला. फोटो, भाषण नको, पोरं लाजतात.

अन् हो, पोरालाच विचारा. तो म्हणाला नुसती क्रिकेट अन् भेळ, तर तेवढंच करा. गिफ्ट आणू नका, हे मात्र आदल्या दिवशी आपण मोठ्यांनीच सांगायचं.