घरच्या शुश्रूषेची तजवीज

कोझिकोड येथे १९९३ साली आरंभिलेल्या आणि २००८ साली केरळ शासनाच्या धोरणात समाविष्ट झालेल्या वेदनाशामक शुश्रूषेचे मर्म हे की, असाध्य रोग्याच्या उशाशी जाणारी परिचारिका आणि मॉर्फिनची चिठ्ठी लिहिणारा डॉक्टर ही तेथे एकाच कर्तव्याची दोन अंगे मानली गेली. आमच्याकडे पुष्कळदा घरी जाताना रुग्णाच्या हाती एक दुर्बोध कागद पडतो, आणि तेवढ्यावर वैद्यकाची जबाबदारी, जणू खटला निकालात निघावा तशी, दप्तरदाखल होते. अंमली पदार्थांच्या कायद्यात २०१४ साली दुरुस्ती होऊन मॉर्फिनवरील जाच सैल झाला खरा. परंतु मध्यरात्री वेदना अनावर झाल्यास मात्रा वाढविण्याविषयी परिचारिकेने कोणास विचारावे, याची लेखी तजवीज प्रत्येक जिल्हा रुग्णालयाने केलीच पाहिजे.