पाटी पुरे, आता मीटर दाखवा

मुंबई-पुण्यातल्या नव्या कार्यालयीन इमारतीत शिरले की स्वागतकक्षामागच्या भिंतीवर हरित इमारतीच्या प्रमाणपत्राची एक पाटी हमखास दिसते. कुठे लीड, कुठे आयजीबीसी, कुठे ग्रिहा. कुठे गोल्ड, कुठे प्लॅटिनम. भाडेकरू ती पाहून खूश होतो, मालक तिचे छायाचित्र माहितीपत्रकावर छापतो. मात्र या इमारतीने गेल्या वर्षी किती वीज वापरली, हे त्या भिंतीवर कुठेच लिहिलेले नसते.

चालू इमारतींना मिळणारी प्रमाणपत्रेही आहेत, पण भिंतींवरच्या बहुतेक पाट्या बांधकामाच्या वेळच्या असतात. भिंतीला इन्सुलेशन किती, काच कोणत्या प्रतीची, चिलर किती कार्यक्षम, दिवे कोणते, हे सगळे संगणकावरच्या प्रतिकृतीत घालतात. ‘प्रमाण इमारतीपेक्षा ही इतके टक्के कमी वीज घेईल’ असा हिशेब निघतो आणि त्यावर गुण मिळतात. हिशेब करणारे प्रामाणिकपणेच करतात. पण नंतर इमारतीत माणसे येतात. वेळापत्रक कोणी न बदलल्यामुळे सुटीच्या दिवशीही एसी चालू राहतो, एका मजल्यावर सर्व्हर रूम वाढते, चिलरची देखभाल मागे पडते. वर्षाअखेरीस मीटर काय सांगतो, ते पाटीवर येत नाही.

माझे म्हणणे असे की इमारतीची ऊर्जेच्या बाबतीतली लायकी सलग बारा महिन्यांच्या मोजलेल्या वापरावर ठरावी, तिच्यासारख्याच इमारतींशी तुलना करून ठरावी, आणि तो निकाल दारावर लावलेला असावा. याला विरोध करणाऱ्यांत जाणकार मंडळीही आहेत, म्हणून त्यांची बाजू नीट ऐकूनच उत्तर द्यायला हवे.

पहिला आक्षेप वास्तुरचनाकार आणि सल्लागारांचा. रचना उत्तम असेल तर वापर आपोआप कमी होतो, मग मोजण्याचा खटाटोप कशाला? शेतकऱ्याला या प्रश्नाचे उत्तर ठाऊक आहे. आपल्याकडे नजरअंदाज पैसेवारी वेगळी आणि पीककापणीनंतरची अंतिम पैसेवारी वेगळी. मदत मिळायची वेळ आली की पहिलीवर कोणी थांबत नाही. संगणकातली प्रतिकृती ही इमारतीची नजरअंदाज पैसेवारी आहे.

न्यूयॉर्कने हे सार्‍या जगासमोर पडताळून पाहिले. 2009 च्या तिथल्या स्थानिक कायदा क्रमांक 84 ने 50,000 चौरस फुटांपेक्षा मोठ्या इमारतींना दरवर्षी ऊर्जा आणि पाण्याच्या वापराचे आकडे देणे बंधनकारक केले, आणि ते आकडे शहराने जाहीर करायला सुरुवात केली. तुलनेसाठी वापरला जातो तो अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेचा एनर्जी स्टार गुणांक. तो 1 ते 100 असा असतो आणि देशातल्या तशाच इमारतींत आपली कितव्या पायरीवर आहे ते सांगतो; प्रमाणपत्राला निदान 75 लागतात. 2012 मध्ये पहिले आकडे बाहेर आले तेव्हा 1930 ची क्रायस्लर इमारत 84 वर होती, 1931 ची एम्पायर स्टेट 80 वर. लीड गोल्ड मिळवलेली 2006 ची ‘7 वर्ल्ड ट्रेड सेंटर’ 74 वर, म्हणजे प्रमाणपत्राला एक गुण कमी. आधुनिक वास्तुकलेचा मानबिंदू समजला जाणारा 1958 चा सीग्राम मनोरा 100 पैकी 3 वर होता.

यावरून जुने ते सोने असा निष्कर्ष कोणी काढू नये. एम्पायर स्टेटमध्ये त्याआधी मोठे नूतनीकरण झाले होते. तिथल्या साडेसहा हजार खिडक्यांच्या काचा काढून, त्यांत नवी पातळ फिल्म बसवून, इमारतीतच पुन्हा तयार करण्यात आल्या. जुन्या इमारतींची भिंत जाड आणि काच कमी, हेही खरे. पण यातले काहीही पाटीवरून कळले नसते. भिंतीवरच्या सोन्याने जे झाकले, ते बिलाने उघड केले.

दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे आणि तो मला सर्वांत जास्त वेळा ऐकू येतो: तुलना अन्यायाची असते. एका इमारतीत नऊ ते सहा काम चालते, दुसरीत तीन पाळ्या. एक मुंबईच्या दमट हवेत, दुसरी नागपूरच्या उन्हाळ्यात. रुग्णालयाची तुलना शाळेशी कशी करणार?

करू नयेच. आक्षेपाचा पाया खरा आहे, निष्कर्ष मात्र चुकीचा. तुलना वाईट होते म्हणून तुलनाच सोडून द्यायची नसते, भाजक नीट निवडायचा असतो. आपल्या ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोने 2009 मध्ये कार्यालयीन इमारतींसाठी तारांकनाची योजना आणली तेव्हा हेच केले. वर्षभरातले युनिट भागिले बांधीव क्षेत्रफळाचे चौरस मीटर, हा तिचा निर्देशांक. हवामानाचे विभाग वेगळे, आणि अर्ध्यापेक्षा जास्त भाग वातानुकूलित असलेल्या इमारती वेगळ्या. मुंबईसारख्या उष्ण-दमट विभागात अशा वातानुकूलित कार्यालयाचा आकडा 200 ते 175 युनिटांत आला तर एक तारा, 100 च्या खाली आला तर पाच. संमिश्र हवामानात हीच पाच ताऱ्यांची रेषा 90 वर आहे. कॉल सेंटरसारख्या चोवीस तास चालणाऱ्या इमारतींसाठी तर चौरस मीटरमागे दर तासाचा वापर धरला.

तासांचा हा भाजक किती फरक पाडतो ते आकड्यात पाहू. एका कार्यालयाचा निर्देशांक 120 युनिट, पण ते वर्षाला 2,500 तासच चालते. दुसऱ्याचा 240, दुप्पट. पण ते वर्षभर अहोरात्र, म्हणजे 8,760 तास चालते. तासागणिक हिशेब केला तर पहिले चौरस मीटरमागे 48 वॉट घेते आणि दुसरे 27. ज्याला आपण उधळे म्हणणार होतो ते काटकसरी निघाले. आक्षेप घेणाऱ्यांच्या हाती खरे शस्त्र हेच होते आणि मोजणाऱ्यांनी ते आपल्या पद्धतीत घेऊन टाकले. परदेशात रुग्णालयासाठी खाटा, हॉटेलसाठी खोल्या, कार्यालयासाठी माणसे आणि संगणक असे भाजक वापरले जातात. अन्यायाची तक्रार करणाऱ्यांनी आपला भाजक सुचवावा. ज्यांना कोणताच भाजक चालत नाही, त्यांना तुलना नको आहे, एवढाच अर्थ उरतो.

मोजणाऱ्यांच्या बाजूलाही दोन शब्द सुनावले पाहिजेत, कारण आपल्या बाजूची चलाखी सर्वांत धोकादायक असते. क्षेत्रफळ हा शब्द आपल्याकडे किती लवचिक आहे ते सदनिका घेतलेला प्रत्येक जण जाणतो: कार्पेट, बिल्टअप, सुपर बिल्टअप. समजा, 10,000 चौरस मीटरच्या कार्यालयात वर्षाला 16 लाख युनिट लागतात. निर्देशांक 160, म्हणजे दोन तारे. त्यात तळघरातले 4,000 चौरस मीटरचे पार्किंग मिसळले की निर्देशांक 114 वर येतो आणि चार तारे हाती पडतात, एकही दिवा न विझवता. ब्युरोच्या नियमात तळघरातले पार्किंग क्षेत्रफळात धरायचे नसते, आणि ते बरोबर आहे. पण अर्जात कोणता आकडा भरला हे तपासणारे डोळे हवेत. म्हणून मी म्हणतो की नुसता निर्देशांक लावून भागणार नाही. कोणते क्षेत्रफळ, कोणते बारा महिने, डिझेल जनरेटरची वीज धरली की नाही, हेही सोबत लिहिले पाहिजे.

छतावरच्या सौर पॅनेलचेही तसेच. ब्युरोच्या निर्देशांकात जागेवरच्या अक्षय ऊर्जेची वीज वगळली जाते. सौरऊर्जेला उत्तेजन म्हणून ते ठीक, पण मग आत उधळपट्टी चालणारी आणि छत मोठे असलेली इमारत काटकसरी दिसू लागते. याला सोपा उपाय आहे: एकूण वापर एका ओळीत, बाहेरून घेतलेली वीज दुसऱ्या ओळीत. दोन्ही वाचणाऱ्याला दिसू द्या.

आणि सर्वांत मोठा धोका माणसाच्या घामाचा. आपल्याकडच्या कित्येक सरकारी कार्यालयांत, महापालिकेच्या रुग्णालयांत, शाळांत वापर कमी आहे कारण तिथे माणसे उकाड्यात बसलेली असतात. त्या कमी आकड्याला कार्यक्षमता म्हणणे मला मान्य नाही. आकडा कमी असेल तर आतले तापमानही मोजले पाहिजे. सोसवणारे तापमान म्हणजे बारा महिने तेवीस-चोवीस अंश असेही नाही. अहमदाबादच्या सेप्ट विद्यापीठात भारतीय कार्यालयांचा अभ्यास करून 2014 मध्ये मांडलेले प्रतिरूप सांगते की बाहेरच्या हवेनुसार आपल्याला सुसह्य वाटणारे तापमान बदलते, आणि राष्ट्रीय इमारत संहितेच्या 2016 च्या आवृत्तीने ते स्वीकारले आहे. पंखा आणि उघडी खिडकी असलेल्या इमारतीला या मोजमापात मान मिळतो. मिळायलाच हवा.

तिसरा आक्षेप मालकांचा: वीज भाडेकरू जाळतो, बदनामी आमची का? याला ऑस्ट्रेलियाने पंचवीस वर्षांपूर्वीच उत्तर दिले. 1998 मध्ये सुरू झालेली आणि आज नेबर्स म्हणून ओळखली जाणारी तिथली पद्धत प्रत्यक्ष बारा महिन्यांच्या वापरावर तारे देते, आणि तिचे वेगवेगळे हिशेब आहेत. मध्यवर्ती वातानुकूलन, लिफ्ट, सामाईक दिवे हे मालकाच्या खाती. मजल्यावरचे दिवे आणि संगणक भाडेकरूच्या. ज्याच्या हातात बटण, त्याच्या नावावर तारे. 2010 च्या कायद्याने मोठे कार्यालय विकताना किंवा भाड्याने देताना हा निकाल जाहिरातीतच दाखवणे तिथे सक्तीचे झाले. आधी 2,000 चौरस मीटरची मर्यादा होती, 2017 पासून ती 1,000 वर आणली. आपल्याकडे अडचण एवढीच की सामाईक वापर आणि भाडेकरूंचा वापर वेगळा दाखवणारे सबमीटर बऱ्याच इमारतींत बसवलेलेच नाहीत. ती अडचण पैशाची आहे, तत्त्वाची नाही.

चौथा आक्षेप गुप्ततेचा. वीजबिल ही खासगी बाब आहे म्हणे. कुटुंबाच्या घराबाबत मी हे निःसंकोच मान्य करतो. कोणाच्या स्वयंपाकघरात किती युनिट जळतात ते शेजाऱ्याला कळायचे कारण नाही. पण शंभर किलोवॉटपेक्षा जास्त जोडभाराची व्यापारी इमारत हे कोणाचे स्वयंपाकघर नव्हे. तिच्या दुपारच्या मागणीसाठी वीजकेंद्र चालते, तिच्यासाठी उपकेंद्र वाढवावे लागते, त्या खर्चाचा वाटा इतर ग्राहकांच्या दरात येतो. वर्षाची एक बेरीज जाहीर केल्याने कोणाचे व्यापारी गुपित फुटत नाही.

आता कायद्याकडे पाहू. ऊर्जा संवर्धन कायदा 2001 चा, इमारतींची संहिता 2007 ची, तिची सुधारित आवृत्ती 2017 ची. 2022 च्या दुरुस्तीने निवासी इमारतीही तिच्या कक्षेत आणण्याची वाट मोकळी केली. पण या संहिता प्रामुख्याने बांधकामाला लागू होतात, म्हणजे पुन्हा नकाशाला. वापराच्या आकड्यावरचे तारांकन मात्र ऐच्छिक राहिले. दुकानातल्या एसीवर आणि फ्रॉस्ट-फ्री फ्रीजवर तारे असणे 2010 पासून सक्तीचे आहे. दीड टनाच्या यंत्राची लायकी ग्राहकाला दारात कळते आणि तशी शेकडो यंत्रे ज्या इमारतीत बसतात तिची कळत नाही, हे असेच चालू ठेवायला मला एकही सयुक्तिक कारण दिसत नाही.

सुरुवात खासगी मालकांपासून करायची गरजही नाही. इंग्लंड आणि वेल्समध्ये 2008 पासून लोकांची ये-जा असलेल्या मोठ्या सार्वजनिक इमारतींच्या दर्शनी भागी प्रत्यक्ष वापरावरचे ए ते जी श्रेणीचे प्रमाणपत्र लावावे लागते. आपल्या महापालिका मुख्यालयांना, जिल्हाधिकारी कार्यालयांना, विद्यापीठांना कोणत्याही नव्या कायद्याची वाट पाहावी लागणार नाही. बिले त्यांच्याच लेखा विभागात आहेत, क्षेत्रफळ त्यांच्याच नोंदवहीत. आयुक्तांनी आणि कुलगुरूंनी येत्या आर्थिक वर्षाचे बारा महिने संपताच आपल्या इमारतीचे एकूण युनिट, क्षेत्रफळ, कामाचे तास आणि आतले तापमान असे चार आकडे प्रवेशद्वारावर लावावेत. आणि वाचकहो, तुम्ही ज्या कार्यालयात काम करता तिथल्या व्यवस्थापकाला हे चार आकडे आजच विचारा.