कूगर, पुरावा आणि विश्वास
अमेरिकेच्या पूर्वेकडील राज्यांत कूगर हे मोठे रानमांजर दिसल्याचे लोक वर्षानुवर्षे सांगतात आणि वन्यजीव विभाग ते नाकारतात, यातून अविश्वास वाढत गेला आहे. पूर्वेकडील कूगर ही उपजात नामशेष झाल्याचा निष्कर्ष केंद्रीय वन्यजीव सेवेने मार्च 2011 मध्ये जाहीर केला. त्याच वर्षी जूनमध्ये कनेटिकटमधील मिलफर्डजवळ सुमारे 63 किलोचा नर कूगर मोटारीच्या धडकेत मेला. तो कुणीतरी पाळलेला असावा, असा अधिकाऱ्यांचा पहिला अंदाज होता. मात्र पाळीव असल्याची खूण दिसत नव्हती: त्याची नखे शाबूत होती, अंगात ओळखचिप नव्हती. डीएनए तपासणीत तो साउथ डकोटातील ब्लॅक हिल्सचा ठरला. मिनेसोटा आणि विस्कॉन्सिनमध्येही त्याचा माग आधीच सापडला होता. एवढ्या लांबून जनावर आले आणि कनेटिकटच्या वन्यजीव खात्याला पत्ता लागला नाही, हे लोकांच्या मनात राहिले. हरणे कमी करण्यासाठी खातेच गुपचूप कूगर सोडते, ही अफवाही अशाच संशयावर पोसली जाते. तिला पुरावा नाही. बहुतेक नोंदी बॉबकॅट (लहान रानमांजर), कुत्रा किंवा मांजराच्या निघतात, त्यामुळे खात्याची सावधगिरी रास्त आहे. मात्र एखादा भटका नर येणे आणि तिथे पिल्ले वाढवणारी वस्ती असणे, यांतला फरक खात्याने स्पष्ट सांगायला हवा. प्रत्येक तक्रारीतील ठसे, केस, विष्ठा तपासून निष्कर्ष तक्रारदाराला कळवला, तरच विश्वास टिकतो.