पट नव्हे, गरज पाहा
मुख्याध्यापकपद पटसंख्येवर तोलणे हा जंगलपट्ट्यातील शाळांवर अन्याय आहे, असे आमचे मत आहे. शिक्षण हक्क कायद्यानुसार पहिली ते पाचवीच्या शाळेत 150 हून अधिक मुले असतील तरच हे पद मिळते; शाळांची शिक्षकपदे ठरवणाऱ्या, 15 मार्च 2024 च्या संचमान्यता शासन निर्णयाने पटाचा काच आणखी आवळला. गडचिरोली जिल्ह्यातील भामरागड-एटापल्लीच्या पाड्यांत किंवा बल्लारपूर तालुक्यातील लहान गावांत एवढा पट येणार कुठून? दोन शिक्षकांच्या शाळेला मुख्याध्यापक कशाला, हा आक्षेप हिशेबापुरता खरा. पण तेथे प्रभारी शिक्षक पोषण आहाराच्या नोंदी, ऑनलाइन माहिती आणि बैठकांत अडकला की त्याचा वर्ग उघडा पडतो, आणि घरी माडिया किंवा गोंडी बोलणाऱ्या मुलाला मराठी वाचनाकडे कसे न्यायचे हे ठरवायला कोणी उरत नाही. शासनाने वनतालुक्यांत ही अट शिथिल करावी. निदान चार-पाच शाळांमागे एक पूर्णवेळ मुख्याध्यापक पुढील सत्रापूर्वी नेमावा.