वारं गेलेल्या माणसाला खाटेवर टाकू नका
— ऊस विकास अधिकारी



लागण, खोडवा, खते आणि तोडणी कार्यक्रम यांवर आम्ही या पानांतून नेहमी लिहितो. या अंकात विषय थोडा वेगळा घेतला आहे. ऊस नोंदीसाठी शेतकी खात्याची माणसे घरोघर जातात. अशा फेरीत एखादे तरी घर असे लागते, की जिथे कर्ता माणूस ओसरीवर खाटेला खिळलेला असतो. एक हात छातीशी आखडलेला, एक पाय ओढत चालणारा, नाहीतर चालणेच बंद. विचारले की उत्तर ठरलेले : "अंगावरून वारं गेलं. आता काय, देवाच्या हातात." आमचे म्हणणे असे की, यातले बरेचसे आपल्या हातात आहे आणि त्यातला थोडा भाग कारखान्याच्याही हातात आहे.

आम्ही काही डॉक्टर नव्हे. आमची पदविका शेतीची. औषध सांगण्याचा हेतू नाही. परंतु डॉक्टर मंडळी जे वारंवार सांगतात आणि जे गावापर्यंत पोचत नाही, तेवढे येथे मांडतो.

पाट तुंबला की फुटला?

'वारं' म्हणतो खरे, पण वाऱ्याचा यात काडीचा संबंध नाही. बिघाड हातापायांत नसून मेंदूत असतो. मेंदूला रक्त नेणारी नळी गुठळीने तुंबते, किंवा ती फुटून रक्त आत सांडते. पाटात गाळ अडकला तर पुढची सरी वाळते. पाट फुटला तरीही पुढची सरी वाळतेच. वरून दिसायला दोन्ही सारखेच. बहुतेक रुग्णांत नळी तुंबलेली असते, थोड्यांत फुटलेली. उपाय मात्र अगदी उलट. तुंबलेल्यावर गुठळी विरघळवणारे औषध चालते, तेच फुटलेल्याला दिले तर माणूस दगावेल. म्हणून आधी पाहायचे, मग औषध.

पाहण्याचे यंत्र म्हणजे सी.टी. स्कॅन. गॉडफ्रे हौन्सफील्ड या इंग्रज अभियंत्याने ते तयार केले. हा गृहस्थ शेतावर वाढलेला, लहानपणी शेतीच्या यंत्रांशी खटपट करणारा. १९७१ साली लंडनच्या एका रुग्णालयात या यंत्राने पहिल्या रुग्णाच्या मेंदूचे चित्र निघाले आणि १९७९ साली त्याला नोबेल पारितोषिक मिळाले. सांडलेले रक्त या चित्रात लगेच पांढरे दिसते. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. नळी तुंबली असेल तर पहिल्या काही तासांत चित्र जवळजवळ निर्दोष दिसू शकते. मग नातेवाईक हुज्जत घालतात, "स्कॅन नॉर्मल आहे, तर इंजेक्शन कशाला?" डॉक्टरांना रक्तस्राव नाही एवढीच खात्री हवी असते. ती मिळाली की इंजेक्शनचा विचार करता येतो.

घड्याळ पाहा

गुठळी विरघळवणाऱ्या इंजेक्शनचा उपयोग होतो हे १९९५ साली अमेरिकेतील अभ्यासात सिद्ध झाले, तेव्हा मुदत तीन तासांची होती. २००८ सालच्या युरोपातील अभ्यासाने ती साडेचार तासांवर नेली. धोका नाही असे नाही. १९९५ च्या त्या अभ्यासात शंभरात सुमारे सहा जणांना मेंदूत रक्तस्राव झाला. तरीही तीन महिन्यांनी धडधाकट राहिलेल्यांची संख्या इंजेक्शन घेतलेल्यांत स्पष्टपणे जास्त होती. मोठी नळी तुंबली असेल तर जांघेतून बारीक नळी वर नेऊन गुठळी ओढून काढता येते. २०१५ सालापासून या उपायाला पक्का आधार मिळाला आहे. निवडक रुग्णांत तो चोवीस तासांपर्यंतही करता येतो. पण ही सोय मोठ्या शहरांतच सापडते.

तोडलेला ऊस फडात पडून राहिला की उतारा घटतो, हे आपल्याला सांगावे लागत नाही. मेंदूचे तसेच, फक्त हिशेब मिनिटांचा. नळी तुंबलेल्या मेंदूत दर मिनिटाला सुमारे १९ लाख पेशी मरतात, असा अंदाज २००६ साली शास्त्रज्ञांनी मांडला. आणि आपण त्या वेळात काय करतो? पारव्याचे रक्त चोळतो, झाडपाला देणाऱ्याच्या दारात रांग लावतो. त्याचा गुण येतो असे लोक सांगतात, त्याचेही कारण समजून घ्यावे. काहींचे फक्त तोंड वाकडे होते. तो पुष्कळदा चेहऱ्याच्या शिरेचा वेगळा आजार असतो आणि बहुतेकांत आपोआप सुधारतो. काहींचे वारे घटकाभरात निघून जाते; तो पुढच्या मोठ्या झटक्याचा इशारा असतो. श्रेय मात्र झाडपाल्याला मिळते. त्या नावावर तिसराच माणूस साडेचार तास घालवून बसतो.

तोंड एका बाजूला ओढले, एक हात वर राहीना, बोलणे अडखळले, यांतले एक जरी अचानक दिसले तरी १०८ ला फोन लावावा. चोवीस तास स्कॅन चालू असलेल्या रुग्णालयातच न्यावे. माणूस शेवटचा धडधाकट कधी दिसला ती वेळ लिहून घ्यावी; झोपेतून उठल्यावर लक्षात आले तर झोपण्याची वेळ सांगावी. पाणी, चहा, गोळी तोंडात काही घालू नये. गिळणे बिघडलेले असेल तर ते फुप्फुसात जाते. अ‍ॅस्पिरिनही स्कॅनच्या आधी देऊ नये. चालू औषधांची चिठ्ठी बरोबर घ्यावी. खर्चाचे काय, महात्मा फुले योजनेत बसते काय, हे रुग्णालयातील आरोग्यमित्राला विचारावे. पण त्यासाठी निघायला उशीर करू नये.

लागण झाली, खोडव्याचे काय?

रुग्णालयातून सुटी झाली की आपण सुटकेचा श्वास टाकतो. चूक येथेच होते. ऊस गेला म्हणून खोडव्याकडे पाठ फिरवणारा शेतकरी आणि रुग्ण घरी आला म्हणून व्यायाम सोडणारे घर, दोघांचे नुकसान सारखेच. बुडखे छाटायचे, नांग्या भरायच्या, खत द्यायचे, ते वेळेवरच. सुधारणेचा वेग पहिल्या तीन महिन्यांत सर्वांत जास्त असतो. पुढे तो मंदावतो, पण थांबत नाही.

लागणारी साधने फार मोठी नाहीत. चार पायांची काठी, वॉकर, लोंबणारे पाऊल उचलून धरणारा प्लॅस्टिकचा पट्टा, खुर्चीचा संडास, भिंतीला ठोकलेला धरायचा दांडा, पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून हवेची गादी. काठी चांगल्या हातात धरायची, हे पुष्कळांना ठाऊक नसते. उठवताना दुबळा हात धरून ओढला की खांदा निसटतो आणि कायमचा दुखतो. घरातला साधा आरसासुद्धा उपयोगी पडतो. चांगला हात आरशासमोर हलवायचा, दुबळा हात आरशामागे ठेवायचा. आरशात दुबळाच हात हलल्यासारखा दिसतो आणि मेंदूला चालना मिळते. व्ही. एस. रामचंद्रन यांनी ही युक्ती तुटलेल्या हाताच्या वेदनांसाठी काढली, पुढे ती पक्षाघातासाठी वापरली गेली. बोलणे गेलेल्या माणसाला वेडा ठरवू नये. त्याला पुष्कळदा सगळे समजते, शब्द तेवढा सापडत नाही. पाणी, जेवण, संडास, दुखणे यांची चित्रे पुठ्ठ्यावर चिकटवून दिली तर तो बोट ठेवून सांगतो.

हे सगळे घरच्यांनी करावे, असे म्हणणे सोपे आहे. भारतातील १४ रुग्णालयांत १,२५० रुग्णांवर झालेला अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. घरातल्या एकाला व्यायाम शिकवून त्याच्यावर काम सोपवले तर फरक पडतो का, हे त्यात पाहिले. सहा महिन्यांनी मृत्यू पावलेले किंवा परावलंबी राहिलेले रुग्ण दोन्ही गटांत शंभरी ४७ होते. यावरून आम्ही घेतो तो अर्थ असा : घरच्यांच्या मायेवर सगळा भार टाकून भागत नाही, शिकलेला माणूस नियमित यायला हवा. शिवाय हा भार बहुधा घरच्या सुनेवर पडतो. आणि अंथरुणाला खिळलेली घरची बाईच असेल तर तिच्या व्यायामाची चौकशी कोण करतो?

कारखान्याने काय करावे?

आमच्या सूचना तीन आहेत. एक, प्रत्येक गट कार्यालयात रक्तदाब मोजण्याचे यंत्र असावे. कारण वाढलेला रक्तदाब हेच या आजाराचे सर्वांत मोठे कारण. शेजारी, चोवीस तास स्कॅन आणि इंजेक्शनची सोय असलेल्या जवळच्या रुग्णालयांची यादी टांगावी. दोन, कारखान्याने साहित्य पेढी काढावी. गावोगाव कुणाच्या गोठ्यात चाकाची खुर्ची पडून असते, तिच्यावर पेंडीची पोती रचलेली असतात. आणि शेजारच्या गल्लीत दुसरा माणूस खुर्चीवाचून अंथरुणात कुजतो. वापरून झालेले साहित्य जमा करावे, दुरुस्त करावे, गरजूला अनामत घेऊन द्यावे. तीन, आठवड्यातून एक दिवस फिजिओथेरपिस्ट प्रत्येक गटात यावा, त्याचे मानधन सभासद कल्याण निधीतून द्यावे. फडावरील तोडणी मजुरालाही ही सोय खुली असावी.

काही सभासद म्हणतील, "आधी आमच्या बिलाचं बघा, दवाखाने नंतर." हा आक्षेप गैर नाही. उसाचे पैसे वेळेवर मिळणे हा सभासदाचा पहिला हक्क. तो बाजूला सारून काही करावे असे आम्ही म्हणत नाही. पण येथे रुग्णालय बांधायचे नाही. लोणीला आणि कराडला सहकारी कारखान्यांच्या परिसरात मोठी रुग्णालये उभी राहिली, तेवढी आपली ऐपत नसेल. गट कार्यालये मात्र आपली आहेत, शेतकी खात्याची माणसे रोज गावात जातातच, आणि निम्मे साहित्य गोठ्यांत पडून आहे. कर्ता माणूस पडला की त्या घरची लागण लांबते, खोडव्याची मशागत राहते, पोराची शाळा सुटते. हा तोटा आमच्या नोंदवहीत दिसत नाही, म्हणून तो नाही असे नव्हे.

येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेत सभासदांनी हा विषय ठरावाच्या रूपाने मांडावा, अशी विनंती आहे. तोपर्यंत ज्यांच्या घरी वॉकर, खुर्ची, गादी पडून असेल त्यांनी आपल्या गट कार्यालयात नाव नोंदवावे. ठरावाची वाट न पाहता तेवढे काम आजच सुरू करता येईल.

कळावे.