नवरीचा शॉवर आणि केळीचे पान



लग्नसराई जवळ आली की हल्ली आपल्या घरांतून एक नवा शब्द ऐकू येतो : 'ब्रायडल शॉवर'. हळद, मेंदी, लग्न, मेजवानी हे सारे आहेच; त्याच्याही आधी एखाद्या रविवारी नवरीच्या मैत्रिणी जमतात, केक कापतात, खेळ खेळतात आणि भेटी देतात. ही चाल मूळ अमेरिकेकडची. ती आपल्या बेटावर आली याचे मला मुळीच वाईट वाटत नाही. नव्या संसाराला लागणाऱ्या चार वस्तू मैत्रिणींनी मिळून द्याव्या आणि मुलीला दोन घटका मनमोकळे हसू द्यावे, यात वावगे ते काय? महाराष्ट्रात याच मायेने केळवण करतात. लग्न ठरलेल्या मुलीला नातेवाईक आणि शेजारी एकेक करून आपल्या घरी जेवायला बोलावतात, ताटाभोवती रांगोळी काढतात, हातात काहीतरी भेट ठेवतात. काही भागांत त्यालाच गडगनेर म्हणतात. हे शब्द आपल्या काही घरांत अजून असतील, काहींतून गेले असतील. पण हेतू ओळखीचा आहे.

वाईट वाटते ते दुसऱ्या दिवशी सकाळी. जी फुग्यांची कमान उभी करायला चौघींना अर्धा दिवस लागला, ती दहा मिनिटांत फोडून झालेली असते. प्लास्टिकची फुले, चमकीचे कागद, नवरीच्या गळ्यातला छापील पट्टा, भेटींवरची वेष्टने, अर्धवट खाल्लेले पदार्थ, सारे काळ्या पिशव्यांत भरून दारात ठेवले जाते. गाडी येते, पिशव्या उचलते आणि आपण हात झटकतो. पण गाडी जाते कुठे? आपल्या देशात कचरा पुरण्याची अधिकृत जागा एकच आहे, मार शिकोज. १९९७ साली ती सुरू झाली. तिच्या शेजारच्या गावकऱ्यांना पुढे घरेदारे सोडून दुसरीकडे राहायला जावे लागले. बेट लहान आहे. इथे 'लांब कुठेतरी' असे ठिकाणच नाही. जे आहे ते कोणाच्या तरी दारात आहे.

सरकारने काहीच केले नाही असे म्हणता येणार नाही. १५ जानेवारी २०२१ पासून एकदाच वापरून फेकायच्या प्लास्टिकच्या थाळ्या, पेले, चमचे, स्ट्रॉ यांवर बंदी आली. चांगले झाले. पण कायदा ताटापेल्यांविषयी बोलतो, सजावटीविषयी नाही. शिवाय दुकानदार हुशार. आता बांबूच्या थाळ्या, कागदी स्ट्रॉ, 'पर्यावरणस्नेही' अशी चिठ्ठी लावलेले डबे मांडून ठेवलेले असतात, आणि आपल्या मुली मोठ्या सद्भावनेने ते दुप्पट दामाने घेतात. ही थाळी परदेशात तयार होते, जहाजाने समुद्र ओलांडून येते, तिच्यावर एक पुरी आणि दोन गातो पिमा ठेवले जातात, आणि अर्ध्या तासात तीही त्याच काळ्या पिशवीत जाते. परसात केळ उभी असताना हा उद्योग कशासाठी, हे मला कोणी समजावून सांगावे.

फुग्यांबद्दल थोडे अधिक लिहितो. हल्ली शॉवर घराऐवजी समुद्रकाठी करण्याची हौस आहे. आपल्या कास्कावेलच्या मंडळींना फ्लिक-आं-फ्लाक जवळचे, तेव्हा सामान घेऊन तिकडे. आपल्याकडे वर्षाचे बहुतेक दिवस वारा आग्नेयेकडून वाहतो. पश्चिम किनाऱ्यावर तो जमिनीकडून समुद्राकडे जातो. हातातून सुटलेला फुगा किंवा उडालेली चमकी तिथे वाळूवर परत येत नाही, ती खाजणाच्या पाण्यावरून सरळ आत जाते. कासव त्याला अन्न समजून गिळते. छायाचित्रात यातले काही दिसत नाही.

आणि आपण काही समुद्राची पर्वा नसलेली माणसे नाही. २५ जुलै २०२० रोजी 'वाकाशिओ' जहाज प्रवाळावर चढले, ६ ऑगस्टपासून त्यातून सुमारे हजार टन तेल पाण्यात सांडले, तेव्हा काय झाले ते आठवा. कोणाच्या हुकुमाची वाट न पाहता लोक माहेबूरला धावले. उसाचा सुका पाला कापडात भरून लांब लांब गुंडाळ्या शिवल्या आणि पाण्यात सोडल्या. तेल शोषले जावे म्हणून बायकांनी, पुरुषांनी डोक्याचे केस कापून दिले. हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती, मराठी, तमिळ, असा भेद तिथे नव्हता. त्या दिवशी पाला भरणाऱ्या पोरीच आज लग्नाच्या वयाच्या आहेत. त्यांना समुद्राविषयी व्याख्यान देण्याची गरज नाही. त्यांना घरातल्या वडील मंडळींनी एवढेच म्हणायला हवे : "कमान नसली तरी चालेल. लोक काय म्हणतील ते आम्ही पाहू." कारण खरी अडचण तिथेच आहे. अमक्याच्या मुलीच्या शॉवरला दोनशे फुगे होते, मग आपल्या मुलीला कमी कसे? ही चढाओढ मुलींपेक्षा आयांची आणि मावश्यांची अधिक असते, हे सांगितल्याबद्दल राग नसावा.

मग करायचे काय? पाहुणे कमी बोलवा, हे पहिले. साठ जणींचा एक जलसा करण्यापेक्षा दहा-बारा जणींची तीन केळवणे करा, एक मावशीकडे, एक आत्याकडे, एक मैत्रिणींचे. अन्न उरत नाही, मांडव लागत नाही, आणि नवरीला प्रत्येकीशी बोलायला मिळते. सजावटीला आंब्याचा टाळा, बोगनवेल, चाफा, जास्वंद. थोडा खर्च करायचाच असेल तर आपल्याच मळ्यांतले अँथुरियम, जे पुढे दोन-दोन आठवडे घरात टिकते. मागे पडदा हवा तर आजीच्या दोन जुन्या साड्या लावा. त्याच्यापुढे काढलेल्या छायाचित्राला पुढे मोल येईल.

भेटींचेही तसेच. सहा जणी सहा तवे आणतात, त्यापेक्षा वर्गणी काढून एक चांगली वस्तू द्यावी. ती प्लास्टिकच्या परडीत न घालता वाक्वाच्या पातीच्या विणलेल्या पिशवीत द्यावी. वाक्वा म्हणजे आपल्या केवड्याच्याच कुळातले झाड. एका मोठ्या गावाने त्याचे नाव घेतले, आणि पूर्वी याच पातीच्या गोण्यांत साखर भरली जाई. सोबत परसातल्या कारीपुलेच्या, म्हणजे कढीलिंबाच्या, मुळाशी फुटलेले एखादे रोप. नव्या घरी पहिली फोडणी माहेरच्या पानांची पडेल.

आता एक गोष्ट, जी असे लेख लिहिणारे पुरुष नेहमी विसरतात. आपल्या बायकांनी फेकायच्या थाळ्या हौसेने आणल्या नाहीत. साठ माणसांची खरकटी रात्री अकरा वाजता कोण घासणार, या प्रश्नाला त्यांनी शोधलेले ते उत्तर होते. पर्यावरणाच्या नावाने तो ढीग पुन्हा त्यांच्याच पुढे लोटायचा असेल तर तो मोठेपणा कोणाला नको आहे. म्हणूनच मी केळीचे पान म्हणतो. लग्नात आपण सात कढ्या पानावरच वाढतो ना? मग शॉवरला पान गावंढळ का वाटावे? निमुळते टोक जेवणारीच्या डाव्या हाताला, वर मीठ, डावीकडे चटणी, उजवीकडे भाज्या, मध्ये पुऱ्या. उठल्यावर पान दुमडून परसातल्या खड्ड्यात. घासणे नाही, आणि उन्हाळ्यात नळाला पाण्याचे तास ठरलेले असतात तेव्हा पाण्याचीही बचत.

पाने आदल्या दिवशी नव्हे, त्याच सकाळी कापावी आणि ओल्या कापडात गुंडाळून ठेवावी. जानेवारी ते मार्च या वादळी दिवसांत मात्र केळी फाटून चिंध्या झालेल्या असतात. त्या दिवसांत शेजारच्या चार घरांची स्टीलची ताटे मागून आणावी, आणि ती घासायला नवरीचे भाऊ नि होणारे जावईबापू यांना बसवावे. ताट कसे घासतात ते लग्नाआधीच कळलेले बरे.